तुझ्या वेळेबद्दल धन्यवाद

मेसेज आला तेव्हा तो एका विमा कंपनीच्या वतीने कुणा विधवा बाईची माफी मागत होता. माफी म्हणजे काय, इंग्रजीत आलेलं पत्र मराठीत करायचं. पण ती मनापासून मागितल्यासारखी वाटली पाहिजे अशी मॅडमची ताकीद होती. 'आपल्या दाव्याच्या संदर्भात आम्ही आपल्याला मदत करण्याच्या स्थितीत नाही हे कळवताना आम्हाला खेद होत आहे' इथवर गाडी आली होती, तेवढ्यात टेबलाचा खण थरथरला. खणात दुसरा फोन होता, आणि पिनांच्या डबीला टेकलेला असल्यामुळे तो भलताच वाजला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्याने खण अर्धा उघडला, फोन आतल्या आतच सुलटा केला आणि वाचलं. 'नमस्कार. आशा आहे की तू ठीक असशील. मला तुझी आठवण येत आहे हे मी तुला कळवू इच्छिते. तुझ्या वेळेबद्दल धन्यवाद. तुझी आई.' त्याची आई चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवलेली बाई. तिच्या तोंडी नमस्कार कधी नव्हता, धन्यवाद तर नव्हताच नव्हता. घरच्याने घरच्याचे आभार मानले तर ती विचारायची, काय झालं, रागावलास का? आणि हा मेसेज त्याला आलेलाच नव्हता. तो आला होता धाकट्या भावाच्या फोनवर, धाकट्यासाठी. धाकट्याला जाऊन आज बावीस दिवस झाले होते. आईला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम थोरल्याचं, म्हणजे ह्याचं. आणि हा पठ्ठ्या सांगायचं सोडून बावीस दिवस मेलेल्याच्या नावाने तिला उत्तरं पाठवत बसला होता.

त्याने मेसेज पुन्हा वाचला. वाक्य न् वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. 'आशा आहे की तू ठीक असशील' हे त्याने गेल्या गुरुवारी पाठवलं होतं, 'कळवू इच्छितो' त्याच्या आधी कधीतरी, आणि 'तुझ्या वेळेबद्दल धन्यवाद' हे तर परवा, कामाच्या घाईत, बोटांनी परस्परच लिहून टाकलं होतं. आईने ती एकेक उचलली होती आणि बाईमाणसाला शोभतील अशी करून परत पाठवली होती. बिचारी शिकली, त्याच्या मनात आलं. ज्या बाईने 'अरे मेल्या, आहेस कुठे' ह्याच्यापलीकडे पोराची चौकशी कधी केली नाही, तिला आपण ह्या वयात ग्राहक सेवा केंद्र करून ठेवलं. त्याला हसू आलं आणि त्याने खण लोटून दिला. समोर पडद्यावर विधवा बाई ताटकळत होती. भाषांतराच्या मशीनने पुढचं वाक्य आधीच काढून ठेवलं होतं, बाजूला आकडा, शंभर टक्के. म्हणजे हे वाक्य पूर्वी जसंच्या तसं करून झालेलं आहे, डोकं चालवायची गरज नाही, मान हलवा आणि पुढे चला.

सव्वीस वर्षं तो हेच करत होता. एकदा केलेलं वाक्य मशीन विसरत नाही. बँक, विमानं, औषधं, कर्जवसुली, इस्पितळं, कुणाचंही पत्र येवो, मशीन जुन्या ढिगातून तसलंच एखादं उपसून पुढ्यात ठेवतं. नवा होता तेव्हा तो भांडायचा. तेव्हाचे साहेब, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, ते सांगायचे की वाक्य मोठ्याने वाच आणि तुझी मावशी असं बोलेल का ते बघ. नसेल बोलत तर खोड. तो खोडायचा. मग मास्तर निवृत्त झाले, काम दसपट झालं, खोडायला वेळ कुणाला होता? आणि मावशीचं म्हणाल तर मावशीही हल्ली तसंच बोलायला लागली होती. ऑफिसातली पोरं एकमेकांना सांगायची, 'मी तुझ्याकडे परत येते', आणि कुणी गेलेलंच नसायचं. 'दिवसाच्या शेवटी कामच मोजलं जातं' असं मॅडम सकाळी दहाला म्हणायच्या. दुकानातला पोऱ्या विचारायचा, 'मी तुमची कशी मदत करू शकतो?' आणि मदत मागितली की खांदे उडवायचा. पूर्वी ह्या सगळ्याचा त्याला राग यायचा, घरी येऊन तो बायकोला नकला करून दाखवायचा. मग नकला कधी थांबल्या आणि तो स्वतःच तसं कधी बोलायला लागला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सासरे गेले तेव्हा त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, 'तुला कसं वाटत असेल हे मी समजू शकतो.' ती रडता रडता थांबली आणि म्हणाली, हे कुणाच्या सहीनं आलंय? ती ते विसरून गेली असेल, पण तो विसरला नव्हता. कारण त्या क्षणी त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि बाहेर आलं ते हे. हल्ली असंच व्हायचं. आत काहीतरी हललं की आधी इंग्रजी वाक्य उभं राहायचं, नीटनेटकं, आणि मराठी मागून त्याच्या पिशव्या उचलत यायची.

धाकटा बरोबर उलटा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टच्या डब्यावर उभा राहून वरच्या अंधारात बघत तो अडकलेल्या लोकांशी गप्पा मारायचा, त्यांना हसवायचा, आणि एकदा तर बाहेर निघालेल्या म्हाताऱ्याने त्याला स्वतःच्या मुलीचं स्थळ सुचवलं होतं. आई त्याला बारक्या म्हणायची, चाळिशी आली तरी. रोज संध्याकाळी त्याचा तिला फोन जायचा आणि अर्धा तास नुसती थट्टा चालायची. तिने विचारलं, बरा आहेस ना, की त्याचं उत्तर ठरलेलं, 'मला काय धाड भरलीये?' थोरल्याचा फोन महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, दोन मिनिटांचा: औषधं घेतेस ना, ठीक, ठेवतो. ह्यात कुणाचं चुकत होतं असं नाही. दोन भावंडांत एक बोलका निपजला की दुसऱ्याला गप्प बसायची मुभा मिळते, तशी ती त्याला मिळाली होती आणि त्याने ती पुरेपूर वापरली होती. मत्सर होता का? होता. तोंडाने कबूल केला नसता, पण होता. आईच्या घरी दोघं एकदम गेले की ती धाकट्याकडे बघून हसायची आणि थोरल्याला चहा विचारायची.

मग धाकट्याच्या छातीत पाणी झालं. लिफ्टच्या खड्ड्यांतली वीस वर्षांची धूळ, दुर्लक्ष केलेला खोकला, आणि एक दिवस जिना चढता चढता तो पायरीवरच बसला. इस्पितळात दाखल केलं त्या दिवशी तो हसतच होता. आईला इतक्यात सांगायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं आणि ती चार तासांवरच्या गावात एकटी राहत होती. धाकट्यानेच थाप शोधली: दूर कुठेतरी मोठ्या इमारतीचं काम निघालंय, तिथे फोन लागत नाही, मेसेज तेवढा जातो. पहिला मेसेज त्याने स्वतः लिहिला. दुसऱ्या दिवशी तोंडावर मास्क चढला, हातात सुया गेल्या, आणि त्याने फोन थोरल्याकडे दिला. 'तू लिही,' तो म्हणाला. थोरल्याने जुने मेसेज वर सरकवून वाचले. आईचा प्रश्न आलेला होताच, बरा आहेस ना रे. उत्तर समोर होतं, शंभर टक्के, धाकट्याने तिला हजारदा दिलेलं. पण पलंगावरच्या त्या छातीचा भाता खालीवर होताना बघत त्याला ते चार शब्द लिहवेनात. लिहिले असते तर ते खोटं झालं असतं. म्हणून त्याने लिहिलं, 'मी ठीक आहे. काळजी करण्याचं काहीही कारण नाही.' हे खोटं वाटलं नाही. त्या वाक्यात बोलणारं कुणी नव्हतंच, मग खोटं बोललं कोण? अशी हजारो वाक्यं त्याने लोकांना पाठवली होती आणि एकदाही झोप उडाली नव्हती. तो सुटकेचा श्वास सोडून खुर्चीत मागे टेकला. त्या दिवसापासून तीच सवय लागली. धाकटा कधी मास्कआडून एखादा शब्द सुचवायचा, तेवढा तो तसाच घालायचा.

आठ दिवसांनी धाकट्याने मास्क बाजूला ओढला आणि म्हणाला, आईला बोलव. हे थोरल्याला नको तेव्हा आठवायचं. दात घासताना, सही करताना, लिफ्टचं दार बंद होताना तर हमखास. एकदा म्हणाला होता, असं तो स्वतःला सांगायचा. एकदाच म्हणाला होता, आणि तेव्हा डॉक्टर सांगत होते की दोन दिवसांत उतार पडेल, तेव्हा आईला धक्का कशाला द्या, चार तासांचा प्रवास, तिचं हृदय, आणि इकडे आपल्या डोक्यावर औषध कंपनीचं साडेतीनशे पानांचं काम. सगळी कारणं खरी होती. एखादं कारण उघडून बघितलं असतं तर आत दुसरंच काही सापडलं असतं. पण त्याने धाकट्याच्या पायावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, 'आई येतेय.' दोन शब्दांचं, सरळ, मावशीच्या तोंडी शोभेल असं वाक्य. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं ते एकच धड मराठी वाक्य, आणि ते धडधडीत खोटं होतं.

तेराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी त्याला एका छोट्या खोलीत नेलं. बसायला सांगितलं. स्वतः बसले. फोन बंद करून खिशात टाकला. म्हणाले, 'तुमच्यासोबत कुणी आहे का?' मग थांबले. थोरल्याला कळलं, कारण ती पुस्तिका त्यानेच मराठीत केली होती: दुःखद बातमी कशी द्यावी, डॉक्टरांसाठी, सोळा पानं. आधी बसवावं. मग इशारा द्यावा. मग थांबावं. डॉक्टर म्हणाले, 'मला भीती वाटते की माझ्याकडे चांगली बातमी नाही,' आणि त्याच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की इथे 'मला भीती वाटते की' नको होतं, आपण दुसऱ्या खेपेला ते काढलं होतं, ह्यांच्याकडे जुनीच प्रत दिसते. भाऊ गेल्याचं कळण्याच्या आणि ते काळजात उतरण्याच्या मधे त्याने एक वाक्य तपासलं. अर्धा क्षण असेल. पण त्या अर्ध्या क्षणाची त्याला पुढे जी शरम वाटली तिच्यात रडणंच बुडून गेलं. त्याला रडू आलंच नाही. विद्युतदाहिनीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला तो त्याने नीट भरला. ऑफिसात शेजारच्या मुलीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, 'तुमच्या नुकसानीबद्दल मला खूप वाईट वाटतं,' तर त्याने आभार मानले. आणि भाऊ गेला त्याच संध्याकाळी धाकट्याच्या फोनवर आईने विचारलं होतं, 'जेवलास का रे?' त्याने लिहिलं होतं, 'हो, जेवण झालं. सर्व काही व्यवस्थित आहे.'

सांगायचं ठरवून तो रोज बसायचा. कागद घेऊन बसायचा, आणि हा माणूस धंद्याने वाक्यं करणारा. 'आई, तुला हे सांगताना मला अतिशय दुःख होत आहे.' खोड. 'आपला बारक्या आता आपल्यात राहिला नाही.' खोड. 'त्याने शांतपणे अखेरचा श्वास घेतला.' शांतपणे? खोड. कागद भरायचा, वाक्य व्हायचं नाही, आणि तेवढ्यात फोन वाजायचा आणि मेलेल्याला उत्तर द्यावं लागायचं. ते मात्र चटकन जमायचं. दहा दिवसांपूर्वी आईने विचारलं होतं, 'एका गिऱ्हाइकाचं निळं कापड उरलंय, तुझा शर्ट होईल, शिवू का?' त्याने उत्तर दिलं होतं, 'हा एक उत्तम पर्याय आहे.' बायकोने रविवारी ते सगळे मेसेज पाहिले आणि तिच्या हातातून फोन पडता पडता राहिला. ती ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, ह्या शनिवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी जाऊन सांगते. पण मी सांगितलं ना, तर तिला तू कधी मुलगा म्हणून उरणार नाहीस. आज शुक्रवार होता.

त्याने विधवा बाईचं पत्र तसंच अर्धवट ठेवलं आणि मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितलं की त्याला निघावं लागेल. मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, 'तुला हवा तेवढा वेळ घे, पण सोमवारी मला त्या कामावर तू लागशील.' तो हो म्हणाला. स्टँडवर गाडी उभीच होती. खिडकीशी बसून तो चार तास एकच काम करत होता, वाक्य जुळवत होता. आणि जुळलंही. आईला तो गेल्याचं सांगायचं, ते कसंही करून सांगू. पण ती पुढे विचारणार, माझी आठवण काढली का त्याने? त्याचं उत्तर तयार हवं. 'शेवटी तो शुद्धीवर नव्हता, त्यामुळे त्याला कसलाच त्रास झाला नाही.' हे बसलं. ह्याला कुठे खाच नव्हती, म्हातारीचं काळीजही फाटणार नव्हतं. त्याने ते मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून डोळे मिटले. वाटेत कुठेतरी गाडी थांबली, लोक उतरून चहा पिऊन आले. तो उतरला नाही.

आईचं दार उघडंच होतं. ती मशीनशी बसली होती आणि मशीनखाली निळं कापड होतं. दोन बाह्या लागल्या होत्या, कॉलर राहिली होती. त्याला बघून तिने पायाचा झोका थांबवला. ती दचकली नाही, असा अचानक कसा असंही तिने विचारलं नाही. 'आलास? बस,' म्हणाली, आणि उठून पाणी आणलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, पाणी सगळं प्यायला, रिकामा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. ती समोर स्टुलावर बसली. ऑपरेशननंतर ती वाळली होती, मनगटाची हाडं वर आली होती, आणि चष्म्याच्या काडीला तिने शिलाईचाच दोरा गुंडाळला होता. 'आई,' तो म्हणाला, 'मला तुला काही सांगायचं आहे. तू आधी शांतपणे ऐकून घे.' म्हणतानाच त्याला कळलं की आधी बसवलं, आता इशारा दिला, आता आपण थांबलोय.

'दादा,' आई म्हणाली. सगळं घर त्याला दादाच म्हणायचं, तीसुद्धा. 'ते मेसेज तू लिहितोस ना?'

तिने निळ्या कापडाकडे बघितलं. 'शिवण कुणाची आहे ते कळायला मला कपडा उलटा करून बघायला लागत नाही. पहिल्याच दिवशी कळलं.' मग तिने जे सांगितलं ते तिने सावकाश, मधे मधे थांबत सांगितलं. तिला वाटलं होतं की बारक्याच्या हाताला काही लागलं असेल, पडला असेल कुठे, आणि आईला कळू नये म्हणून तो सांगतोय आणि दादा लिहितोय. दादा त्याच्याजवळ आहे म्हणजे बरंच आहे, असं म्हणून ती गप्प राहिली. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. इतक्या वर्षांत दादा तिच्याशी रोज कधी बोलला होता? बारक्याच्या नावाने का होईना, रोज दोन ओळी येत होत्या. सुरुवातीला त्यांत एखादा शब्द बारक्याचा असायचा, तेवढ्यावर ती दिवस काढायची. मग तो यायचा बंद झाला. तिने मुद्दाम बारक्याला चिडवून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या, त्याच्या वर्गातल्या जाड्या पोराची आठवण काढून पाहिली. पलीकडून यायचं ते सगळं व्यवस्थित. 'त्याच्याशी त्याच्यासारखं बोलून बघितलं, कुणी आलं नाही,' ती म्हणाली. 'म्हटलं, आता तुझ्याशी तुझ्यासारखं बोलून बघावं. चार ओळी लिहायला सकाळ गेली माझी. आलास की लगेच.' ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही, आणि म्हणूनच त्याला ते सोसेना. मग तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले आणि विचारलं, 'कसा आहे तो?'

वाक्यं रांगेत उभी होती. एकापेक्षा एक, धुतलेली, इस्त्री केलेली, कशालाही हात लावला असता तरी काम झालं असतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याला वाटलं की ह्यांतलं एक जरी आता बाहेर पडलं तर ही बाई पुन्हा आपल्याला धन्यवाद म्हणेल. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

'गेला,' तो म्हणाला.

आईने मान हलवली नाही, हात सोडले नाहीत. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली आणि तिचं स्टँड लावलं. मग ती म्हणाली, 'कधी?' त्याने सांगितलं. बावीस दिवस, ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिची नजर मशीनकडे गेली. ती काय मोजत होती ते त्याला कळत होतं: कापड कधी विचारलं, हो कधी आलं, बेतलं कधी. तिने ते कापड सुईखालून ओढून काढलं, दोरा तोडला नाही, तसंच ओढलं, आणि मांडीवर घेतलं. कुठे होता, काय झालं होतं, कोण कोण होतं, सगळं तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. छातीतलं पाणी, मास्क, तेरा दिवस. तेरा म्हटल्यावर तिने मान वर केली. तेरा दिवस तो पडून होता आणि मी चार तासांवर कपडे शिवत बसले होते, असं ती म्हणाली. प्रश्न म्हणून नाही. त्याने ऑपरेशनचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणत होते ते सांगितलं, 'परिस्थितीच अशी होती' इथवर आला, आणि तिने हात वर करून त्याला थांबवलं.

'माझं नाव काढलं होतं का त्यानं?'

गाडीत केलेलं वाक्य तयार होतं. तो शुद्धीवर नव्हता, त्याला कसलाच त्रास झाला नाही. म्हटलं असतं तर ती त्याच्यावर विश्वास ठेवून उरलेलं आयुष्य काढू शकली असती, आणि तोही. त्याने ते जिभेवर घेतलंही. पण ती त्याच्या ओठांकडे बघत होती, टाक्यांकडे बघावं तशी, आणि त्याला कळलं की ही शिवण ती उसवणार, आज नाही तर उद्या, एकटी असताना.

'बोलव म्हणाला होता तुला,' तो म्हणाला. 'मी नाही बोलावलं.'

'कितीदा म्हणाला?'

एकदा, हे तो इतक्या दिवसांत इतक्यांदा मनात म्हणाला होता की त्याचा त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. 'रोज,' तो म्हणाला. 'शेवटच्या दिवसापर्यंत रोज. मी म्हणायचो, येतेय.'

आई बसल्या जागी मागे-पुढे व्हायला लागली, अगदी थोडी. त्याने हात पुढे केला तर तिने आपला हात कापडाखाली घेतला. तिला रडू येत नव्हतं. त्याला मात्र आलं, नाकातोंडातून, लहान पोरासारखं, बावीस दिवसांचं सगळं एकदम. ती त्याला गप्प बस म्हणाली नाही आणि जवळही घेतलं नाही, ती थांबून राहिली. त्याचं ओसरल्यावर तिने विचारलं, 'कसं म्हणायचा? त्याच्या तोंडचं सांग. तुझं नको.'

आणि ते आलं. कसं आलं ते त्याला कळलं नाही. जे बावीस दिवसांत एकदाही लिहिता आलं नव्हतं ते त्याच्या तोंडून धापेसकट, मास्क बाजूला ओढल्यासारखं तुटत तुटत बाहेर पडलं. 'दादा, बोलव ना रे तिला. ते तुझं लांबलचक काही सांगू नकोस. नुसतं ये म्हण. ती येईल.'

आईने डोळे मिटले. खोलीत अंधार व्हायला लागला होता आणि परतीची शेवटची गाडी सातची होती, पण दिवा लावायला कुणीच उठलं नाही.

'परत म्हण,' ती म्हणाली.

त्याने म्हटलं.

'परत.'